भुतांचा हजेरीपट

वर्ष नेमकं धरू नका. विसावं शतक लागून पाच-सात वर्षं झाली आहेत, एवढं पुरे. जागा मात्र नेमकी आहे: तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक, वेंगुर्ल्याच्या खाली, शिरोड्याच्या मिठागरांच्या अलीकडे, आरवलीला लागून असलेलं एक गाव. आणि तुमचं वय आठ. चार नाही, बारा नाही, आठ. त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

तिनसांज झाली आहे. खळ्यात तुम्ही एकटेच काजूच्या बिया मांडून बसला आहात. वडील मुंबईला गिरणीत आहेत, मनिऑर्डर येते तेव्हा त्यांची आठवण निघते, एरवी नाही. मुंबईत १८९६ पासून प्लेग आहे. बोटीतून उतरून गावात आलेल्या माणसाला लोक पाणी देतात, पण आधी त्याच्या तोंडाकडे बघून घेतात. तुमच्या आधीची दोन भावंडं गेली, नंतरचं एक गेलं. गावात याचं कुणालाच नवल नाही. या दशकातलं हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षं होतं. लहान मुलं फार मरत, म्हणून आकडा इतका खाली. आजच्या आठ वर्षांच्या मुलाने मेलेलं माणूस बहुधा पाहिलेलं नसतं. तुम्ही पाहिलं आहे, आपल्याच माजघरात, एकाहून अधिक वेळा.

"रे झिला, तिनसांजा झाली, घरात ये बघू," आजी पडवीतून ओरडते. तुम्ही जाता. आणि गेल्या गेल्या तीच तुम्हांला परत बाहेर पाठवते. काका देवळाकडे भजनाला बसलाय, त्याला बोलावून आणायचं आहे, गाय अडली आहे. हातात झावळीची पेटती चूड येते आणि तिच्यासोबत सूचना.

"पिंपळाकडसून जाताना धाव मारू नको. मागे वळान बघू नको. कोणी हाक मारल्यान तरी ओ देव नको."

तिसऱ्या हाकेला ओ दिलेली चालते, कारण भूत तीनदा हाक मारत नाही. हे तुम्हांला आधीच ठाऊक आहे, ते ती पुन्हा सांगत बसत नाही. तिच्या सूचनांकडे जरा नीट बघा. त्या सगळ्या तुम्ही कसं वागायचं याच्या आहेत. पिंपळावरचा कसा दिसतो, उंच की बुटका, याबद्दल आजी चकार शब्द काढत नाही. भुताचं शास्त्र मोठ्यांनी सांगायचं आणि त्याचं रूप मुलाने आपल्या आपण भरायचं, अशी ही वाटणी आहे. अर्धं काम नेहमी तुमच्याकडे असतं.

चूड वारा घालत न्यायची असते. हात थांबला की निखारा काळा पडतो. पाणंदीच्या दुसऱ्या वळणावर तुमचा हात थांबतो, कारण कोल्ह्यांनी एकदम कुई सुरू केलेली असते. चूड विझते.

आता जे होईल ते तुमच्या शरीरात होईल, त्यात गावाचा किंवा शतकाचा काही संबंध नाही. जळत्या चुडीकडे इतका वेळ पाहिलेले डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात. तुमच्याकडे तेवढी नाहीत. शिवाय माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी मध्यभागी एक जागा आहे, जिने आपण दिवसा बारीक अक्षर वाचतो. तिथे काळोखात पाहणाऱ्या पेशी नाहीतच. त्या कडेने आहेत. म्हणून अंधारातली फिकट वस्तू थेट बघायला गेलं की नाहीशी होते आणि नजर जरा बाजूला वळवली की पुन्हा उभी राहते. त्या पेशींना रंगही कळत नाहीत, दिसतं ते सगळं राखी.

पिंपळाच्या बुंध्याशी काहीतरी राखी आहे. तुमच्याएवढ्या उंचीचं. तुम्ही बघता, नसतं. देवळाच्या दिव्याकडे बघता, असतं. पुन्हा बघता, नसतं.

असं वागणारं दुसरं काय असू शकतं? आतून बघणारे तुम्ही, आजचे, नेत्रपेशींची गोष्ट घेऊन आला आहात. पण जिच्यात तुम्ही उभे आहात त्या छातीला ती गोष्ट सांगून पाहा. ती ऐकणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या मुलाने जे टिपलं ते चुकीचं नाही. बघितलं की जातं, न बघितलं की येतं, हे निरीक्षण तंतोतंत आहे. आजी म्हणाली होती ना, मागे वळान बघू नको.

पिंपळावर असतो तो मुंजा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो ब्राह्मणाचा मुलगा मेला, तो. देवचार, खवीस, समंध, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ, लावसट, गावात भुतं पुष्कळ आहेत, पण ती सगळी मोठी माणसं आहेत. तुमच्या वयाचा हा एवढाच. त्यामुळे भीती वाटून झाल्यावर तुमच्या मनात जो विचार येतो तो कुठल्याच मोठ्या माणसाच्या मनात येत नाही: हा दिवसभर खेळतो कोणाशी? कनवटीला काजूच्या बिया आहेत. त्यातली एक तुम्ही पिंपळाच्या मुळाशी ठेवता आणि चालत, धावत नाही, चालत देवळाकडे जाता. सकाळी बी तिथे नसते. खार नेते, उंदीर नेतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी आणखी एक ठेवता. घरी मात्र यातलं काही सांगत नाही.

त्या रात्रीचं तुम्हांला काहीही आठवणार नाही. ते सगळं आजी सांगते तेव्हा कळतं. झोप लागून तास-दीड तास झाला असेल, तुम्ही ताडकन उठून बसलात, डोळे सताड उघडे, किंकाळी फोडलीत, आईला ओळखलं नाहीत, तिने धरलं तर तिलाच ढकललंत. मग आडवे झालात आणि शांत झोपलात. रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून, मुलांना असं होतं. डॉक्टरांना ते आज चांगलं ठाऊक आहे, वय वाढलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण आजीच्या दृष्टीने पुरावा पूर्ण आहे: पोर तिनसांजेला पिंपळाखालून गेलं, आणि त्याच रात्री त्याच्या डोळ्यांतून दुसराच कोणीतरी बघत होता. मीठ, मिरच्या, मोहरी ओवाळून चुलीत जातात. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच. सकाळी घाडी, गावचा बाधा उतरवणारा, येतो, तांदूळ मांडतो, गाऱ्हाणं घालतो, कपाळाला अंगारा लावतो.

तुमचं नशीब, की तुमचा घाडी अंगाऱ्यावर थांबणारा आहे. सगळेच थांबत नसत. बाधा उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हे महाराष्ट्रात गुन्हा ठरायला २०१३ साल उजाडावं लागलं, आणि त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून व्हावा लागला. भुतांच्या गोष्टी गोड असतात, त्यांचा उतारा नेहमी गोड नसतो. आजच्या आठवणीलेखनात हा भाग सहसा गाळला जातो.

अंगारा लावून झाला की आजी तुम्हांला आरवलीला वेतोबाच्या पायांवर घालायला नेते.

देऊळ लांबून लहान वाटतं. आत गेल्यावर मान वर करावी लागते. वेतोबा उभा आहे, माणसाहून उंच, माणसासारखाच. आज तिथे पंचधातूची मूर्ती आहे, तुम्ही पाहता ती फणसाच्या लाकडाची. पण तुमची नजर मूर्तीवर नाही. ती खाली आहे, चपलांवर. नवस फेडायला लोक वेतोबाला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या चपला देतात. एकेक चप्पल अशी की तिच्यात आपण आडवे झालो तरी मावू, असं तुम्हांला वाटतं. गावकरी सांगतात, वेतोबा रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो, म्हणून तळवे झिजतात.

तुम्ही वाकून तळवा बघता. हात लावून बघता. झिजलेला आहे की नाही हे मी सांगत नाही, कारण तुम्हांला तो झिजलेलाच दिसणार आहे. आठ वर्षांचं मूल अडाणी नसतं, ते पुराव्यानेच चालतं. त्याला पुरावा कुठे शोधायचा हे मोठ्यांनी आधीच दाखवून ठेवलेलं असतं, एवढंच.

देवळातून बाहेर पडताना तुम्ही निर्धास्त आहात. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि राजा आपल्या गावचा आहे. शिवाय शिवेवर देवचार आहे, खांद्यावर कांबळं, हातात काठी, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा. "तो काय करूचो नाय," आजी म्हणते, "आपलोच असा." शहरात वाढलेल्या वाचकाला भूत म्हटलं की फक्त भीती आठवते. इथे काळोखाला पहारेकरी आहेत, त्यांची हद्द ठरलेली आहे, त्यांना वर्षाचा मान द्यावा लागतो. भीती आहे, पण ती वाटून दिलेली आहे: पिंपळाखाली इतकी, विहिरीशी इतकी, स्मशानाच्या वाटेवर सगळ्यांत जास्त. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा पाण्यात ओढतो, हे ज्याला ठाऊक आहे ते पोर पावसाळ्यात एकटं व्हाळात उतरत नाही. आयांनी हे जाणूनबुजून रचलं असेल असं मला वाटत नाही. पण त्याचा उपयोग त्यांना नक्की कळलेला होता.

दुपारी तुम्ही चार-पाच पोरं समुद्रावर जाता. हडळीचे पाय उलटे असतात, तेव्हा ओल्या वाळूत तिची पावलं शोधायचा खेळ निघतो. थोड्या वेळाने कोणीतरी ओरडतं, "पावलां बघ, उलटी असत!" खरंच आहेत. माग पाण्यातून निघून माडांकडे गेलेला, पण टाचा माडांकडे आणि बोटं पाण्याकडे. सगळे पळता. ती पावलं तुम्हीच उमटवलेली आहेत, मघाशी सगळ्यांची पाठ असताना, उलटं चालून. तरीही तुम्ही सगळ्यांबरोबर पळता, आणि पळताना तुमच्या पोटात खराखुरा गोळा येतो.

याचा छडा लावायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली. १९९१ मध्ये पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना एक रिकामी पेटी दाखवली आणि आत एक राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितलं. मुलांना ठाऊक होतं की राक्षस खोटा आहे, विचारलं तर तसं सांगतही होती. पण प्रयोग घेणाऱ्या बाई खोलीबाहेर निघाल्या तेव्हा काहींनी त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं. कल्पना आपली, हे कळून भीती जात नाही. उलट्या पावलांवरून पळणाऱ्या तुम्हांला हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आता आठ वर्षांचं कारण. २००६ मध्ये जेसी बेरिंग आणि बेकी पार्कर यांनी अमेरिकेत तीन ते नऊ वर्षांच्या मुलांशी एक खेळ खेळला. दोन पेट्यांपैकी एकीत चेंडू, ओळखायचं कशात. काही मुलांना सांगितलं होतं की खोलीत ॲलिस नावाची अदृश्य राजकन्या आहे, तू चुकीची पेटी निवडलीस तर ती कसंतरी सांगेल. मग मुलाने एका पेटीवर हात ठेवला की दिवा लुकलुके किंवा भिंतीवरचं चित्र खाली पडे. सगळ्यांत लहान मुलांना दिवा बिघडलाय असं वाटलं. मधल्या वयाच्यांना वाटलं, हे ॲलिसने केलं, पण का केलं ते त्यांना सुचलं नाही. सात वर्षांपुढच्यांनी मात्र झटकन हात दुसऱ्या पेटीवर नेला. ती आपल्याला काहीतरी सांगते आहे, हे त्यांना कळलं होतं.

लहान मुलं निष्पाप, म्हणून त्यांना भुतं दिसतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. उलटं आहे. न दिसणारा कोणीतरी खुणा करतोय हे वाचायला अक्कल वाढावी लागते. चार वर्षांच्या पोराला पिंपळाखाली फक्त काळोख दिसतो. तुम्ही आठ वर्षांचे आहात, म्हणून तुमची बी कोणीतरी घेतली आहे.

आता शाळा. सरकारी मराठी शाळा, शेणाने सारवलेली जमीन, पाट्या. मास्तरांच्या हातात आज वेगळा कागद आहे. वरून प्रश्न आले आहेत. गावात कोणती भुतं मानतात, ती कुठे राहतात, कोणाची कोणती भुतं होतात, ती काढायला काय करतात. प्रश्नांच्या मागे आहेत ए. एम. टी. जॅक्सन नावाचे संस्कृत जाणणारे सनदी अधिकारी, आणि मुंबई इलाख्यातली लोकसमजुतींची माहिती गोळा करायला त्यांनी गावोगावचे शाळामास्तर हाताशी धरले आहेत. तुमचे मास्तर लेखणी बुडवतात आणि मोठ्याने बोलत लिहितात, कारण त्यांना तशीच सवय आहे. मुंजा, ब्राह्मणाचा. समंध. देवचार, शूद्राचा, लग्नानंतर मेलेल्याचा. खवीस. लावसट, विधवेचं. एकेका भुताला जात, वय, लग्न झालं की नाही, सगळं नोंदलं जातंय. जिवंतपणी शाळेच्या दारातून आत न घेतलेल्यांची भुतंही या यादीत वेगळ्या ओळीवर बसवली जातात. मेल्यावरसुद्धा ज्याने-त्याने आपल्याच जागी बसायचं, हे तुम्हांला वर्गात इतकं नेहमीचं वाटतं की खटकतही नाही.

मास्तर पुढची ओळ घेतात. अळवंतीण. बाळंतपणात मेलेली बाई. तिने घरी परतू नये म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकतात आणि स्मशानापासूनच्या वाटेवर राळे पसरतात. दाणे वेचून झाल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, आणि ते होईतो उजाडतं.

तुमच्या शेजारच्या मुलाची पाटी खाली पडते.

तुम्हांला ठाऊक आहे. गेल्या पंधरवड्यात त्याच्या घरून तिला नेली, बाळही राहिलं नाही. वाटेवर राळे होते, तुम्ही अनवाणी पायांनी ते चुकवत चाललात. आणि त्या रात्री, उरलेल्या गावाने दारं लावून घेतली असताना, हा तुमच्या परसात आला आणि शुक शुक करून तुम्हांला बाहेर घेऊन गेला. स्मशानाच्या वाटेवर, जिथे गावातला सगळ्यांत दांडगा माणूस रात्री जात नाही, तिथे तो गुडघ्यांवर बसला आणि राळ्याचे दाणे एकेक करून वेचायला लागला. चांदणं होतं, तरी बारीक दाणे नीट दिसत नव्हते, तो बोटांनी चाचपून वेचत होता. तुम्ही का म्हणून विचारलंत. तो म्हणाला, तिला वेळ लागू नये.

तुम्हीही बसलात. मूठभर वेचून झाले असतील, तेवढ्यात टिटवी ओरडली आणि तुम्ही दोघं पळालात.

आता वर्गात तो उभा राहिला आहे. मास्तर वर बघतात. "मास्तर," तो म्हणतो, "ती माझी आवस."

मास्तर वाईट माणूस नाहीत. लेखणी थोडा वेळ कागदावर थांबते, शाईचा थेंब पडतो. मग ते त्याला पाणी पिऊन ये म्हणतात आणि ओळ पुरी करतात, कारण प्रश्न ज्यांनी पाठवले त्यांनी भुताचा प्रकार विचारला होता, भुताच्या मुलाबद्दल काही विचारलं नव्हतं.

तुमच्या प्रवासातलं इथून पुढचं मी भरभर सांगतो, कारण ते छापील आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनना गोळ्या झाडून मारलं, तेव्हा जॅक्सन तिथले कलेक्टर होते. त्यांनी जमवलेले कागद पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संकलित केले: गुजरातचा भाग १९१४ मध्ये निघाला, कोकणाचा १९१५ मध्ये. कोकणाचा खंड आजही मिळतो आणि वाचनीय आहे. त्यात वेताळ आहे, गिऱ्हा आहे, मुंजा आहे. तळटिपांमध्ये माहिती देणारा म्हणून अमुक गावचा शाळामास्तर असा उल्लेख येतो. अभ्यासकांवर त्या मास्तरांचे मोठे उपकार आहेत, यात वाद नाही. मात्र भूत म्हणजे एक जमात, असं बघायची जी सवय आपल्याला लागली, तिची मुळं अशा याद्यांमध्येही आहेत. मुलांकडे यादी नव्हती. त्यांच्याकडे माणसं होती, आणि ती कुठे गेली हा प्रश्न होता.

आजीकडून मुलांनी भीती घेतली, ही गोष्ट खरी आहे आणि ती भीती पुष्कळांना आयुष्यभर पुरली. पण पिंपळाखालची बी आणि वाटेवरचे राळे यांतलं काही आजीने शिकवलेलं नव्हतं.

तेव्हा परत आलात की एक करा. तुमच्या घरात किंवा गावात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. तुम्ही भूत पाहिलंय का, असं विचारू नका, त्यावर ते हसतील किंवा ठरलेली गोष्ट सांगतील. त्या विहिरीवरची, त्या चिंचेवरची ती कोण होती, असं विचारा. बहुतेकदा तिचं नाव त्यांना ठाऊक असतं, आणि कशाने गेली तेही.